माणसांच्या हिशोबातले स्टेशन



स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडताना मी एकच कसोटी लावली. ज्याबद्दल या सभागृहातल्या प्रत्येक घराला काही ना काही ठाऊक आहे आणि ज्याबद्दल यवतमाळ जिल्ह्याने अजून काही ठरवायचे आहे, असा विषय असावा. म्हणून मी मूर्तिजापूर ते यवतमाळ धावलेल्या शकुंतला या अरुंद रुळांच्या गाडीच्या मार्गावरची लहान स्टेशने निवडली. यवतमाळ, लासिना, लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा ही नावे तुमच्यापैकी अनेकांनी पुठ्ठ्याच्या तिकिटावर वाचलेली आहेत. ही स्टेशने कोणासाठी बांधली गेली, कोणी वापरली आणि बंद कोणत्या हिशोबाने पडली, हे तीन प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. मला जे सांगायचे आहे ते या न जुळण्याबद्दलच आहे.

आधी काळाची चौकट पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. १९०२ साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आज आपण ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतो तो तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळचे नाव त्याला १९०५ साली मिळाले. या राजकीय उलाढालींच्या काळातच एका पिकाने या प्रदेशाचे मोल वाढवले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. युद्ध संपून दोन वर्षे होत नाहीत तोच, १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरला पोचली. १८७० च्या सुमारास खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांना मुख्य मार्गापासून फाटे काढून जोडण्यात आले. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका आखूड फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या पांढऱ्या सोन्याचे मोल सरकारदरबारी काय होते ते कळते.

यवतमाळ मात्र त्या वेळी मागे राहिले. मुख्य मार्गावरचे सर्वांत जवळचे स्टेशन धामणगाव होते आणि तिथपर्यंत २९ मैलांची खडीची सडक होती. सुगीनंतर या सडकेवर कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग लागे. बैलांच्या चालीने २९ मैल म्हणजे वाटेत मुक्काम आलाच. गाडीवानाचा खर्च, बैलांची वैरण, अवकाळी पावसाची धास्ती आणि धामणगावला पोचल्यावर वाघिणीसाठी थांबणे हे सगळे कापसाच्या गाठीच्या किमतीत चढत जाई. यवतमाळात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले होते. बाजार होता, माल होता. तो मुंबईच्या बंदरापर्यंत स्वस्तात नेणारा रूळ तेवढा नव्हता.

ही उणीव भरून काढायला किलिक, निक्सन आणि कंपनी पुढे आली. १८५७ साली स्थापन झालेली ही मुंबईतली इंग्रज व्यापारी पेढी. तापी खोऱ्यातल्या रेल्वेसारख्या इतर लहान मार्गांची व्यवस्थाही तिच्याकडे होती. तिने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. त्या काळी सरकारचे धोरण असे होते की मुख्य मार्ग सरकारच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या हाती असावेत आणि त्यांना माल पुरवणारे फाटे खासगी भांडवलाने बांधावेत. फाटा बांधणाऱ्या कंपनीने रूळ टाकायचे, गाड्या मोठ्या रेल्वेने चालवायच्या आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा, अशी ही रचना होती. त्याप्रमाणे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा मार्ग तयार झाला. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव ते आर्वी हा मार्गही याच कंपनीचा. चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेले.

रूळ अरुंद होते, दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, दुपटीहून अधिक. अरुंद रुळांना भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, टेकडीला वळसा घालणारी अवघड वळणे घेता येतात. यवतमाळ पठारावर वसलेले असल्याने चढ चढणे भागच होते. खर्च वाचला, पण मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागली. प्रेसमध्ये घट्ट दाबलेली गाठ हमालांना उचलता येते, फुटत नाही, मोजायला सोपी पडते. त्यामुळे गाठीच्या व्यापाराला हा अडथळा परवडला. माणसाला मात्र मुलेबाळे, बोचकी, आजारी आई घेऊन हीच अदलाबदल रात्रीअपरात्री करावी लागे.

आता या मार्गाची दिशा नकाशावर पाहा. यवतमाळच्या माणसाची कामे नागपूरला, अमरावतीला, वर्ध्याला असत. नागपूर यवतमाळच्या ईशान्येला आहे. शकुंतला त्याला आधी ११३ किलोमीटर वायव्येकडे मूर्तिजापूरला नेई. तिथून मोठ्या गाडीत बसून तो बडनेऱ्यावरून पुन्हा पूर्वेकडे येई आणि वाटेत त्याला धामणगाव लागे, घरापासून सडकेने फक्त २९ मैलांवर असलेले तेच धामणगाव! मुंबईला जाणाऱ्या कापसासाठी मूर्तिजापूरची वाट सरळ होती. यवतमाळच्या माणसासाठी ती उलटी होती. आपल्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे ही स्टेशने कोणासाठी बांधली याचे, उत्तर या एका वळशात आहे. रूळ गाठीसाठी टाकले गेले. माणसाला बसायला परवानगी होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. ज्या गाडीच्या हिशोबात माणूस दुय्यम होता, ती गाडी माणसांनी आपली केली. कंपनीच्या कागदांवर या मार्गाचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे असे होते. लोकांच्या तोंडी ती शकुंतला झाली आणि अखेर सगळ्यांनी हेच नाव उचलले. एखाद्या मार्गाला लोकांनी बाईमाणसाच्या नावाने हाक मारावी, म्हणजे ती गाडी घरातली झाली होती. दारव्ह्याच्या बाजाराला भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका, तालुक्याच्या कचेरीत तारीख असलेला शेतकरी, शहरातल्या शाळेत जाणारी खेड्यातली पोरे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक हे या गाडीचे रोजचे प्रवासी होते. कारंज्याला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असल्याने दत्तभक्त यायचे आणि कारंज्याच्या जैन मंदिरांना भेट देणारे यात्रेकरूही. उत्तरेकडच्या फाट्यावर अंजनगाव सुर्जी लागते. त्याच परिसरातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, त्यांचे बालपण गेले. बाबांची कर्मभूमी आणि शकुंतलेचा मुलूख एकच होता, हे वऱ्हाडातल्या माणसाला मुद्दाम सांगावे लागत नाही.

दारव्हा मोतीबागचे स्थान या मार्गावर विशेष होते. तिथून पुसदकडे एक अरुंद फाटा गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे रूळ उखडून नेले, असे पुसद-दिग्रसकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. पुसद पुन्हा रेल्वेशिवाय राहिले. एका पिढीने गाडी पाहिली आणि तिच्या नातवंडांना ती गोष्ट म्हणून ऐकावी लागली. जिल्ह्याच्या दक्षिण भागाचे किती नुकसान झाले हे कुठल्याच ताळेबंदात लिहिलेले सापडणार नाही, कारण तसा ताळेबंद मांडायची कोणाची जबाबदारीच नव्हती.

या मार्गावर अनेक वर्षे वाफेचे झेडी जातीचे इंजिन धावत होते. १९२१ साली मँचेस्टरजवळच्या कारखान्यात बांधलेले हे इंजिन १९२३ पासून इथे राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ एका इंजिनाने एका भागाची सेवा करावी, याचे श्रेय ज्या कारागिरांनी ते हातांनी जपले त्यांना आहे. मूर्तिजापूरच्या शेडमधले फिटर, फायरमन, खलाशी, गँगमन यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. डिझेल इंजिन आल्यानंतरही या मार्गावरचे काम मोजक्या कर्मचाऱ्यांच्या भरवशावर चाले. लहान स्टेशनांवर तिकीट देणे, सिग्नलची व्यवस्था, फाटकाची राखण, इंजिन सोडणे आणि जोडणे ही कामे गाडीसोबतच्या मंडळींनीच निभावली. अपुऱ्या माणसांनी आणि जुन्या सामानाने त्यांनी गाडी चालती ठेवली, याबद्दल या व्यासपीठावरून मी त्यांना मनःपूर्वक वंदन करतो.

आता तिसरा प्रश्न, बंद पडण्याचा. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिच्यात विलीन झाली, पण शकुंतलेचे रूळ खासगी कंपनीच्या मालकीचेच राहिले. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे. कराराची मुदत वाढवत वाढवत ही स्थिती दशकानुदशके टिकली. रुळांवर नवा खर्च कोणी करायचा याचे उत्तर अशा रचनेत कोणालाच द्यावे लागत नाही. मालक म्हणतो चालवणाऱ्याने करावा, चालवणारा म्हणतो मालमत्ता माझी नाही. या दोघांच्या मध्ये स्लीपर कुजत राहिले आणि गाडीचा वेग कमी कमी होत गेला.

त्याच काळात गाठीला दुसरे वाहन मिळाले. ट्रक जिनच्या दारातून निघून थेट गिरणीच्या दारात जाऊ लागला. मूर्तिजापूरची अदलाबदल टळली. ज्या मालासाठी मार्ग बांधला होता तो माल निघून गेला, आणि तो गेला म्हणताच मार्ग निरुपयोगी ठरवला गेला. प्रवासी तर होतेच. एसटीपेक्षा कितीतरी कमी भाड्यात जाणारी गाडी गरीब माणसाने सोडली नव्हती. पण दिवसाला एकच फेरी उरली, वेग सायकलशी स्पर्धा करणारा झाला, आणि ज्याला दुसरा पर्याय परवडत होता तो एसटीकडे वळला. मग प्रवासी कमी झाले म्हणून खर्च करायचा नाही आणि खर्च केला नाही म्हणून प्रवासी आणखी कमी, असे चक्र फिरत राहिले. गेल्या दशकात आधी यवतमाळची आणि पुढे अचलपूरची गाडी थांबली. २०१६ साली हा मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची घोषणा झाली. गावोगावच्या लोकांनी त्यासाठी निवेदने दिली, मोर्चे काढले, सत्याग्रह केले. ही चळवळ पैशांच्या बळावर चालली नाही. रोजच्या कामासाठी गाडी हवी असलेल्या माणसांनी ती चालवली.

शकुंतला बंद पडणे अटळच होते असे कोणी म्हणेल, तर त्याला मी बार्शीकडे पाहायला सांगेन. बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटी, तीही खासगी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली आणि १८९७ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि या शतकात कुर्डुवाडी, लातूर, पंढरपूर, मिरज हा सारा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आज लातूरचा विद्यार्थी थेट मुंबईच्या गाडीत बसतो. रुळांची रुंदी तीच होती, काळ तोच होता. एका मार्गाची मालकी सरकारने १९५४ साली स्वतःकडे घेतली, दुसऱ्याचा प्रश्न लांबत राहिला. लहान रेल्वेचे नशीब तिच्या रुळांच्या रुंदीत लिहिलेले नसते, ते माणसांच्या निर्णयात असते.

दुसरे उदाहरण ब्रिटनचेच घेऊ. १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने ब्रिटनमधली दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. त्या अहवालात प्रत्येक फाट्याचे उत्पन्न आणि खर्च यांवर भर होता. त्या फाट्यावरचा प्रवासी पुढे मुख्य मार्गावर शेकडो मैल जातो, त्याच्यामुळे गावातली शाळा आणि दुकान टिकते, या गोष्टींना हिशोबात पुरेशी जागा मिळाली नाही. स्कॉटलंडमधला एडिंबरोहून दक्षिणेला जाणारा मार्ग १९६९ साली बंद झाला. त्याचाच सुमारे ४८ किलोमीटरचा भाग २०१५ साली पुन्हा रूळ टाकून सुरू करावा लागला, आणि पहिल्या वर्षात दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यावरून प्रवास केला. चुकीच्या हिशोबाची किंमत पुन्हा बांधताना मोजावी लागते. श्रीमंत देशाला ती मोजता आली. यवतमाळला तशी संधी दोनदा मिळेल असे गृहीत धरून चालणार नाही.

आणि संधी आज आपल्या दारात आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग बांधला जात आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा ३९ किलोमीटरचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. चिंतामणी गणपतीचे कळंब आज या नव्या मार्गावरचे आपल्या जिल्ह्यातले स्टेशन आहे. या मार्गाची दिशा शकुंतलेपेक्षा निराळी आहे. तो वर्ध्याला, म्हणजे नागपूरच्या वाटेला, आणि दुसऱ्या टोकाला नांदेडला जातो. यवतमाळच्या माणसाला जिकडे जायचे असते तिकडेच हा मार्ग निघाला आहे. शंभर वर्षांत पहिल्यांदाच रूळ आणि माणूस एका दिशेने चालणार आहेत. म्हणूनच जुन्या मार्गाकडून शिकायची वेळ आजची आहे.

त्यातून निघणाऱ्या मागण्या मी स्पष्ट मांडतो. पहिली, लहान स्टेशन गावाला पायी पोचेल इतके जवळ हवे आणि तिथे थांबा हवा. गाडी लवकर जाते म्हणून लहान थांबे गाळले, तर नवा मार्ग मोठ्या शहरांमधला पूल होईल आणि जिल्हा त्या पुलाखाली राहील. दुसरी, वेळापत्रक रोज ये-जा करणाऱ्यांना विचारून ठरावे. सकाळी शाळा, कॉलेज, कचेरी आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आत पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी एवढी एक जोडी नीट बसली, तर हजारो कुटुंबांचा दिवस बदलतो. वेळ न जुळणारी गाडी कितीही देखणी असली तरी रिकामीच धावते, आणि मग तिच्या रिकामेपणावरून तिला बंद करायचे कारण शोधले जाते. तिसरी, स्टेशनच्या दारात एसटी यावी आणि तिची वेळ गाडीशी बांधलेली असावी. दारव्हा, आर्णी, दिग्रस, पुसद ही गावे त्याशिवाय नव्या मार्गाशी जोडली जाणार नाहीत. चौथी, मूर्तिजापूर ते यवतमाळ मार्गाचे रूपांतर करताना जुन्या स्टेशनांच्या जागा आधी विचारात घ्याव्यात. ती गावे त्या स्टेशनांभोवती वाढली आहेत.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. शकुंतलेचा इतिहास कोण लिहिणार? जुनी तिकिटे, वेळापत्रके, पगाराच्या पावत्या, कामाच्या वह्या, प्रेसच्या बिल्ट्या, छायाचित्रे अजून घराघरांत पेट्यांत पडून आहेत. गार्ड, फिटर, हमाल, गँगमन म्हणून काम केलेली आणि या गाडीने शाळेत गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला मोठा निधी लागत नाही. एका महाविद्यालयाचा इतिहास विभाग आणि एक ग्रंथालय मनावर घेईल तर दोन उन्हाळ्यांत हे काम उभे राहील. यवतमाळच्या जुन्या स्टेशनच्या जागेचे जे काही व्हायचे ते होवो, तिथे एक खोली या संग्रहासाठी राखून ठेवावी. हा संग्रह शोभेसाठी नको आहे. उद्या पुन्हा कोणी एखादा मार्ग तोट्यात आहे असे म्हणेल, तेव्हा त्या मार्गाने कोणाकोणाला कुठे पोचवले याचा पुरावा आपल्या हातात असायला हवा.

कंपनीने शकुंतलेचा हिशोब गाठींत मांडला. पुढे रेल्वेने तो तोट्यात मांडला. ज्यांनी ती रोज वापरली त्यांना हिशोब मांडायला कोणी बोलावलेच नाही. नव्या मार्गावर जेव्हा थांबे ठरतील, वेळा ठरतील आणि तिकिटांचे दर ठरतील, तेव्हा त्या बैठकीला आपले गाव हजर असले पाहिजे. ग्रामसभेने ठराव करावा, पालकांनी शाळेच्या वेळा लिहून द्याव्यात, दवाखान्यात जाणाऱ्यांनी आपली गरज सांगावी, व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी आपला माल सांगावा. रेल्वे आपल्याला मिळाली म्हणून समाधान मानणे आता पुरेसे नाही. ती कशी चालवायची हे सांगण्याचा हक्क यवतमाळच्या माणसाने शंभर वर्षांच्या प्रवासातून कमावला आहे. तो वापरावा, एवढे मागून मी माझे व्याख्यान संपवतो.